वऱ्हाडात डिसेक्शन हॉल येईपर्यंत

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासूनच चालू होतं. जगभर गाजलेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये, पुस्तक छापून आलं त्याच वर्षी, मुंबईत आले आणि या कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. वऱ्हाडात कापसाचा पैसा होता, गाडी होती. पण एमबीबीएसच्या मुलांसाठी डिसेक्शनचं टेबल अमरावतीत यायला १९८४ साल उजाडलं.

म्हणजे वऱ्हाडात शरीराचा अभ्यासच नव्हता, असं नाही. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत आखाडा काढला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ मध्ये मंडळाच्या खेळाडूंनी थेट बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला खांदा कुठवर वळतो, मांडीचा कोणता स्नायू पकड धरतो, हे अंगानेच कळतं. मात्र ते वरवरचं शरीर झालं, कातडीखालचं नव्हे.

कातडीखाली पाहायची रीत सुश्रुतसंहितेने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. शव अवयवांनी पूर्ण हवं. विषाने मेलेल्याचं, दीर्घ आजाऱ्याचं किंवा शंभरी गाठलेल्याचं नको. आतड्यातला मळ काढायचा, मुंज किंवा कुशाच्या गवतात देह गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून आडोशाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. सात रात्रींनी तो बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडायचा. अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयात आणि अकोल्याच्या राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालयात पहिल्या वर्षाला जो 'रचना शारीर' विषय असतो, त्याचं मूळ इथे आहे.

इंग्रजी अमलात जिल्ह्याच्या गावी शवं उघडली जात, ती सिव्हिल सर्जनकडून, मृत्यूचं कारण शोधायला. शिकवण्यासाठी नव्हे. डॉक्टर व्हायचं तर वऱ्हाडातल्या मुलाने नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलची, नाहीतर मुंबईची वाट धरायची. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७ मध्ये निघालं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये शरीररचनेचा कायदा केला आणि बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणाला देण्याची सोय केली, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होतं. ते मुंबई राज्यात आलं १९५६ मध्ये.

या विद्येला नुसतं पुस्तक पुरत नाही. काखेतलं नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, घ्या. पुस्तकात ते लाल-पिवळ्या रेघांत स्वच्छ काढलेलं असतं: पाच मुळं, त्यांची तीन खोडं, मग तीन दोर. टेबलावर मात्र सगळं चरबीत रुतलेलं. चिमट्याने चरबी बाजूला करत जायचं, आधी काखेतली धमनी सापडवायची. कारण दोरांची नावं ते धमनीच्या कोणत्या अंगाला आहेत त्यावरून पडली आहेत. ती धमनी बोटाखाली आली की पाठ केलेली नावं पहिल्यांदा जागेवर बसतात. पुढे खांदा निखळलेला पेशंट समोर आला, की कुठली नस ताणली गेली असेल ते याच ओळखीवर ठरवायचं असतं.

अमरावतीत हे शिक्षण श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाने १९८४ मध्ये आणलं. अकोल्यात २००२ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या रुग्णालयाला गाव आजही 'सर्वोपचार' म्हणूनच ओळखतं. २०२४ मध्ये अमरावतीलाही शासकीय महाविद्यालय मिळालं. टेबलं वाढली, तशी देहांची गरजही वाढली. ती नुसत्या बेवारस देहांवर भागवणं योग्यही नाही. ज्याला विचारायला कोणी उरलं नाही त्याच्या देहावर शिकण्यापेक्षा, ज्याने आपणहून होकार दिला त्याच्या देहावर शिकणं कितीतरी बरं.

देहदानाच्या अटी वाचताना सुश्रुताची आठवण होते: शवविच्छेदन झालेला, कुजू लागलेला, संसर्गजन्य रोगाचा देह सहसा घेत नाहीत. डोळे दान केले असतील तर चालतं. देह पोहोचला की मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मेलिनचं द्रावण सोडतात. हे लवकर व्हावं लागतं, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तर फारच लवकर. म्हणून फॉर्म भरणाऱ्याने घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. शेवटी कॉलेजला फोन करायचा असतो तो त्यांनीच.