ख्रिस्ताचे क्रूसारोहण

ख्रिस्ताचे क्रूसारोहण : येशू ख्रिस्तास जेरुसलेम नगराबाहेर क्रूसावर खिळून देण्यात आलेला देहान्त दंड व त्या घटनेचा ख्रिस्ती श्रद्धेने लावलेला अर्थ. यहूदियाचा रोमन प्रशासक पाँतिअस पायलट (अधिकारकाल इ. स. २६–३६) याच्या आज्ञेने हा दंड अंमलात आला. त्याचे वर्ष निश्चित नाही, तथापि इ. स. ३० किंवा ३३ हे वर्ष बहुतेक अभ्यासक ग्राह्य धरतात. चारही शुभवर्तमानांखेरीज रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही या मृत्युदंडाचा उल्लेख केला आहे. येशूच्या चरित्रातील ज्या थोड्या घटनांबद्दल श्रद्धावंत आणि चिकित्सक यांच्यात फारसा मतभेद नाही, त्यांपैकी ही एक होय. घटना निर्विवाद असली, तरी तिच्या अर्थाविषयी मात्र दोन हजार वर्षे विचारमंथन चालू आहे, आणि महाराष्ट्रात त्यास स्वतंत्र वळण मिळाले आहे.

रोमन साम्राज्यात क्रूसाचा दंड गुलाम, बंडखोर व परकीय प्रजाजन यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ. स. पू. ७१ मध्ये काप्वा ते रोम या हमरस्त्यावर सुमारे ६,००० गुलामांना क्रूसावर चढविण्यात आले. देहान्त हा या दंडाचा एक भाग होता; त्याचा खरा हेतू भर रस्त्यावर विटंबना करून पाहणाऱ्यांना दहशत बसविणे हा होता. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळील एका थडग्यात लोखंडी खिळा आरपार गेलेले टाचेचे हाड सापडले. या दंडाचा तो दुर्मिळ पुरातत्त्वीय पुरावा आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे झाडास टांगलेला मनुष्य शापित गणला जाई. रोमन नागरिकाच्या दृष्टीने निंद्य आणि यहुद्याच्या दृष्टीने शापित असा हा मृत्यू ज्याला आला, तोच जगाचा तारणारा, असे सांगणे आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांना किती अवघड गेले असेल, याची कल्पना आज दागिन्यांतही क्रूस पाहणाऱ्या वाचकास सहजी येत नाही. संत पौलाने ही अडचण लपविली नाही. क्रूसाचा संदेश ग्रीकांना मूर्खपणाचा व यहुद्यांना अडखळण वाटतो, हे मान्य करूनच त्याने आपली मांडणी केली. आरंभीच्या ख्रिस्ती कलेत क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्रण क्वचितच आढळते. रोम येथील सांता साबिना चर्चच्या दारावरील पाचव्या शतकातील कोरीव काम हे त्याच्या जुन्या नमुन्यांपैकी एक आहे.

या मृत्यूने तारण कसे होते, या प्रश्नाचे एकच अधिकृत उत्तर ख्रिस्तसभेने कधीही ठरवून दिले नाही. आरंभीच्या धर्मपित्यांनी मृत्यू व सैतान यांच्यावरील विजय म्हणून क्रूसाकडे पाहिले. कँटरबरीचा आन्सेल्म (१०३३–११०९) याने देवाच्या अवमानित प्रतिष्ठेची भरपाई असा अर्थ लावला. त्यात तत्कालीन सरंजामी न्यायकल्पनेची छाया स्पष्ट दिसते. आबेलार (१०७९–११४२) याने, मानवाचे हृदय पालटविणारे प्रेमाचे दर्शन, यावर भर दिला. मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये असे प्रतिपादन केले, की देव वैभवात नव्हे तर क्रूसाच्या मानहानीतच ओळखता येतो. या विवेचनांत एकमेकांना छेद देणारे बरेच आहे. भाविकाच्या प्रार्थनेत मात्र ती एकत्र नांदतात.

मराठी प्रदेशातील परंपरा : ठाणे–कल्याण परिसराचा ख्रिस्ती धर्माशी संबंध पोर्तुगीजांच्या आगमनाहून जुना आहे. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे स्थळ म्हणजे कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेन्तिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्रिअस हे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाणे येथे मारले गेले. चीनकडे जाताना ते येथे एका पौर्वात्य ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्या घरातील कलहावरून प्रकरण काझीपुढे गेले, तेथे धर्मविषयक वाद झाला व त्यातून त्यांचा वध झाला. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस व पुढे आलेला प्रवासी ओडोरिक यांच्या लेखनामुळे ही हकीकत टिकून राहिली. अशा मृत्यूंना ख्रिस्ती परंपरा ‘साक्ष’ म्हणते. क्रूसावरील मृत्यूचे अनुकरण हा तिचा आशय असतो. मात्र मृत्यू ओढवून घेणे आणि तो टाळता न येणे यांतील सीमारेषा अशा हकीकतींत पुष्कळदा पुसट होते, हे इतिहासकाराने लक्षात ठेवावयास हवे.

पोर्तुगीजांचा अंमल वसईवर १५३४ ते १७३९ व ठाण्यावर १७३७ पर्यंत होता. या काळात साष्टी बेटावर व वसई प्रांतात चर्चे व गावोगावी वेशीवरचे क्रूस उभे राहिले. अंमल गेला, तरी क्रूस व त्यांच्याभोवतीची प्रार्थना टिकून राहिली. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबई–साष्टीच्या गावठाणांत आणखी अनेक क्रूस उभारले गेले. सत्तेबरोबर आलेले चिन्ह साथीच्या भयात गावकऱ्यांनी आपले म्हणून उभारावे, हा बदल लहान नव्हे.

क्रूसाच्या अर्थाचे मराठीतील पहिले विस्तृत विवेचन फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या क्रिस्तपुराणात आढळते. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले व गोव्यातील साष्टी (सालसेत) भागात त्यांनी दीर्घकाळ कार्य केले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या जागी काही तरी द्या, या मागणीतून ग्रंथ सिद्ध झाल्याचे त्यातच सूचित केले आहे. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांचे कथन येते. विदेशी धर्मोपदेशकाने क्रूसाची कथा मराठी कीर्तन-पुराणश्रवणाच्या रसव्यवस्थेत, विशेषतः करुणरसात, आणून बसविली. येथे क्रूसारोहण सिद्धांतापेक्षा श्रवणाचा विषय झाले. ज्या राजवटीने ग्रंथ काढून घेतले, तिच्याच छायेत मराठीचा असा गौरव व्हावा, ही या ग्रंथाच्या जन्मातील विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या बायबल-भाषांतरांतून ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. कॅथलिक मराठीत पोर्तुगीज वळणाचा ‘क्रूस’, तर गोव्याच्या कोकणीत ‘खुरीस’ चालत आला. हा केवळ शब्दभेद नाही. ‘क्रूस’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या मनात पवित्र चिन्ह येते; ‘वधस्तंभ’ म्हणताना फाशी देण्याची जागा येते. दुसरा शब्द अवघड असला, तरी पहिल्या शतकातील श्रोत्यास जो धक्का बसला त्याच्या अधिक जवळचा आहे.

मराठी समाजातील सुशिक्षितांनी या शिकवणीवर घेतलेला मुख्य आक्षेप कर्मसिद्धांताच्या अंगाने होता : एकाच्या पापाचे फळ दुसऱ्याने कसे भोगावे? महाभारतातील मांडव्य ऋषींच्या कथेशी तुलना केल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो. चोरीचा खोटा आळ येऊन मांडव्य सुळावर चढविले जातात. पुढे ते यमधर्मास जाब विचारतात, तेव्हा बालपणी कीटकास टोचल्याचे ते फळ, असे उत्तर मिळते. दंड अन्यायी दिसला तरी अखेर त्याचा हिशेब लागतो, आणि तो हिशेब अतिरेकी वाटल्याने ऋषी यमालाच शाप देतात. ख्रिस्ताच्या कथेत असा हिशेब नाही. तेथे निर्दोष मनुष्य सुळावर आहे आणि त्याला कोणतेही पूर्वकर्म नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे, की देव येथे हिशेब मांडणारा राहत नाही, स्वतः सुळावर जातो. या दृष्टीने अस्थींचे दान करणाऱ्या दधीचीची कथा क्रूसाच्या अधिक निकट येते. पण दधीचीला देवांनी याचना केली होती व त्याचा सन्मान झाला. क्रूसावरच्या मृत्यूत सन्मान नव्हता.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ही कोंडी वादाने नव्हे, तर भक्तीने ओलांडली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकारामाचा धागा सोडला नाही. तुकारामाच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत आजही गायिली जातात. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा मार्ग वेगळा होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही चर्चच्या मतप्रणाली त्यांनी तपासल्याविना स्वीकारल्या नाहीत. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला आणि खुद्द ख्रिस्त नंतर भेटला, असे त्यांनी पुढे आपल्या निवेदनात लिहिले. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त व परित्यक्त स्त्रियांसाठी त्यांनी केलेले काम हेच त्यांच्या क्रूसविषयक समजुतीचे भाष्य होय.

आधुनिक काळातील अर्थ : विसाव्या शतकातील महायुद्धे व यहुद्यांचा संहार यांनंतर जुनी विवेचने अपुरी वाटू लागली. जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) हे स्वतः युद्धकैदी होते. त्यांनी १९७२ मधील ग्रंथात क्रूसावर देव स्वतः दुःख भोगतो, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूने ख्रिस्तसभेला एका जुन्या अपराधाचा सामना करावा लागला. येशूच्या मृत्यूचा दोष सबंध यहुदी समाजावर ठेवून शतकानुशतके त्यांचा छळ झाला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात असा सामूहिक दोषारोप नाकारला. क्रूसाचा अर्थ चुकीचा लावल्यास तो जिवावर बेततो, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

भारतात हा प्रश्न जातीच्या अंगाने उभा राहिला. अहमदनगर व आसपासच्या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकापासून महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. चर्चमध्येही जातिभेद संपला नाही, हे कबूल केले पाहिजे. मराठी दलित कुटुंबातून आलेले अरविंद निर्मल (१९३६–१९९५) यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानापासून दलित धर्मचिंतनाची मांडणी सुरू केली. क्रूसावर ख्रिस्ताने अनुभवलेले टाकून दिले जाणे हेच दलितांच्या अनुभवाचे मर्म आहे, असे त्यांनी मांडले. या विचाराने एक जुनी समजूत मोडीत काढली. ‘आपला क्रूस वाहावा’ हा उपदेश गरिबांना, दलितांना, मार खाणाऱ्या स्त्रियांना सहन करण्याचा सल्ला म्हणून पुष्कळदा दिला गेला. परंतु क्रूस हा अन्याय करणाऱ्या सत्तेने दिलेला दंड होता. तो देवाने आखून दिलेला अन्यायाचा नमुना नव्हे. स्वेच्छेने दुसऱ्यासाठी सोसणे आणि दुसऱ्याने लादलेले मुकाट्याने सोसणे, यांतील भेद पुसला गेल्यास शुभवर्तमानाचाच विपर्यास होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ख्रिस्ती समाजाबाहेरही क्रूसाने विचारवंतांस आकर्षित केले. १९३१ च्या डिसेंबरमध्ये रोम येथे गेलेले महात्मा गांधी सिस्टाइन चॅपेलमधील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीपुढे भारावून गेले होते. येशूचा मृत्यू हा एकमेव तारणमार्ग, हे मत त्यांनी कधी स्वीकारले नाही. सत्याग्रहीचे परिपूर्ण उदाहरण म्हणून मात्र तो त्यांना मोलाचा वाटे.

ठाण्याचा मानपाडा परिसर व कल्याण–डोंबिवलीचा पट्टा येथे गेल्या काही दशकांत वस्ती झपाट्याने वाढली, आणि तीबरोबर निरनिराळ्या परंपरांचे ख्रिस्ती शेजारी आले. केरळातून आलेल्या सीरो-मलबार पंथीयांसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांच्या वेदीवरचा ‘मार तोमा’ क्रूस रिकामा असतो. त्याच्या टोकांना कळ्या व तळाशी कमळ असते. मृत्यूपेक्षा पुनरुत्थान पुढे करण्याची ती रीत आहे. लॅटिन विधीच्या कॅथलिकांच्या वेदीवर मात्र ख्रिस्ताची वेदनाग्रस्त मूर्ती असते, आणि प्रॉटेस्टंटांचा क्रूस पुन्हा साधा, मूर्तीविरहित. उत्तम शुक्रवारी कॅथलिक चर्चांत मिस्साऐवजी वाचन, प्रार्थना, क्रूसाचे वंदन व आदल्या दिवशी राखून ठेवलेल्या पवित्र भाकरीचे वितरण होते, तर प्रॉटेस्टंट चर्चांत क्रूसावरील येशूच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. दुपारी बारा ते तीन हा काळ त्यांसाठी राखून ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. शुभवर्तमानांप्रमाणे याच वेळी अंधार पडला होता.