संख्यांचे वर्गीकरण आणि द. रा. कापरेकर : नामकरणाचा इतिहास

प्रास्ताविक :
१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग होय. तिचे अविभाज्य अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे असून त्यांचे घात अनुक्रमे ४, २ आणि २ आहेत. ती उलटसुलट सारखीच वाचली जाते. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांचे वर्ग पाडून त्यांना नावे देण्याचे कार्य दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी केले. त्या नावांचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कापरेकरांची नावे :
पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये कापरेकरांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शालेय शिक्षक होते. वरील संख्या त्यांच्या 'डेम्लो' संख्यांपैकी आहे. हे नाव जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो (आजचे डोंबिवली) या स्थानकावरून आले. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे म्हटले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू संख्या, उदाहरणार्थ २०. याउलट १५ मध्ये १ व ५ यांची बेरीज मिळवली की २१ येते, म्हणून २१ स्वयंभू नव्हे. या संख्यांना 'देवळाली संख्या' असेही नाव आहे. ही देवळाली नाशिकजवळची. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा नव्हे.

नावांचे स्थलांतर :
१९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्दो रेकामान यांनी स्वयंभू संख्यांविषयी प्रश्न मांडला आणि 'कोलंबियन संख्या' हे नाव प्रचारात आले. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत हर्षद संख्यांची चर्चा केल्यानंतर 'निव्हेन संख्या' हे नाव रूढ झाले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यावर त्यांचे कार्य जगभर पोहोचले.

मूल्यमापन :
हे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असल्याने ते गौण होत, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः रास्त आहे. वरील संख्येचे अवयव आणि तिचे पूर्ण वर्ग असणे कोणत्याही पद्धतीत कायम राहते. तिची समरूपता व हर्षदत्व मात्र दशमान पद्धतीपुरतेच. तथापि दशमान पद्धतीत लागोपाठ २० पेक्षा अधिक हर्षद संख्या असू शकत नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. ज्या वर्गाविषयी असे प्रमेय सिद्ध होते, त्याला केवळ करमणूक म्हणता येत नाही.

समारोप :
पदव्युत्तर पदवी व विद्यापीठीय पद नसलेल्या शिक्षकाने केलेले वर्गीकरण इतरत्र स्वतंत्रपणे पुन्हा करावे लागले, हीच त्याच्या मौलिकतेची साक्ष होय. म्हणून अध्यापनात 'निव्हेन' व 'कोलंबियन' या नावांसोबत 'हर्षद' आणि 'देवळाली' ही नावेही सांगणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.