अंबाजोगाईत दोन दिवस: काय पाहाल, कसं जाल, कधी जाल?

बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई बहुतेकांना एकाच कारणासाठी माहीत असतं. योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि लगेच परळीला निघायचं. तासाभरात गाव 'झालं'. पण याच गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची समाधी आहे, यादवकाळातली देवळं आहेत आणि अख्ख्या खडकात कोरलेली लेणी आहेत. मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी असं या गावाला उगाच म्हणत नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवार मोकळा असेल, तर हे दोन दिवस कसे लावायचे ते पाहू.

आधी गावाची थोडी ओळख

बालाघाटच्या डोंगररांगेवर, जयंती नदीच्या काठी हे गाव वसलंय. जुन्या कोरीव लेखांत त्याचं नाव आंबे असं येतं. निजामाच्या राजवटीत ते मोमिनाबाद झालं आणि इथे घोडदळाची छावणी होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी इथल्या योगेश्वरी शाळेत काम केलं. गावातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पहिला दिवस, सकाळ: योगेश्वरी

योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवी. आता प्रश्न पडतो, कोकणातल्या लोकांची कुलदेवी थेट मराठवाड्यात कशी? लोककथा अशी की, देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण वाटेत मुहूर्त टळला. देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाडी दगड होऊन गेले. लेण्यांमधल्या मूर्ती म्हणजे तेच वऱ्हाड, असं गावात सांगतात.

देवीचे वर्षात दोन मोठे उत्सव: एक अश्विनातलं नवरात्र आणि दुसरा मार्गशीर्षातला. उत्सव पाहायचा असेल तर या दिवसांत या, पण गर्दी आणि राहायच्या जागेची अडचण गृहीत धरा. निवांत पाहायचं असेल तर हे दिवस टाळा.

दुपारनंतर: हत्तीखाना आणि खोलेश्वर

हत्तीखाना किंवा शिवलेणी ही गावालगतच आहेत. अंगणातल्या दगडी हत्तींवरून हे नाव पडलं. 32 खांबांचा मोठा मंडप डोंगर वरून खाली कोरत काढलाय. ऊन उतरल्यावर इथे जा, खांबांवरचं काम तिरप्या उजेडात नीट दिसतं.

खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याच्या नावाचं देऊळ गावात आहे. इथल्या शिलालेखांतून एक घरगुती गोष्टही कळते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याच्या आठवणीसाठी त्याची बहीण लक्ष्मी हिने देऊळ बांधलं. आठशे वर्षांपूर्वी बहिणीने भावासाठी उभारलेलं हे स्मारक. सकलेश्वराचं देऊळ, म्हणजे लोकांच्या तोंडचं बाराखांबी, तेही याच फेरीत पाहून घ्या.

दुसरा दिवस, सकाळ: मुकुंदराज आणि दासोपंत

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. सोबत वयस्कर माणसं असतील तर सकाळी लवकर निघा आणि परत चढायचंय हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके 1110 चा, म्हणजे इ.स. 1188 चा मानला जातो. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. म्हणजे तब्बल शंभर वर्षं आधी! यावर अभ्यासकांत वाद आहेत. काही जण मुकुंदराजांचं ठिकाण विदर्भातलं आंभोरा मानतात, तर काही जण मराठीतला पहिला ग्रंथ म्हणून 'लीळाचरित्रा'कडे बोट दाखवतात. वाद असू द्या, पण मराठीत तत्त्वज्ञान लिहिण्याची सुरुवात जिथे झाली असं शतकानुशतकं मानलं गेलं, ती ही जागा.

तिथून दासोपंतांच्या समाधीकडे या. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. त्यांची सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे पासोडी. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं, आकृत्यांसह. गावात दासोपंतांच्या परंपरेची थोरलं आणि धाकटं अशी दोन देवघरं आहेत. तिथे जायचं तर आधी विचारूनच जा.

उरलेली दुपार: परळी की धारूर?

दोन्ही करायला गेलात तर एकही धड होणार नाही. रेल्वेने परतायचं असेल तर परळी निवडा. ती साधारण 25 किलोमीटरवर आहे, वैजनाथाचं दर्शन होतं आणि स्टेशनही तिथेच. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. गाडीने बीडकडे परतणार असाल तर केजहून वळून धारूरचा किल्ला पाहा. आदिलशाही सरदार किश्वरखानाच्या काळातली त्याची तटबंदी अजून उभी आहे. बीडमध्ये थांबलात तर पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर चुकवू नका.

कसं जाल, कधी जाल?

अंबाजोगाईत रेल्वे स्टेशन नाही. जवळचं मोठं स्टेशन परळी, तिथून एसटी मिळते. लातूर साधारण 60 किलोमीटर, तर बीड 90 किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून अंतर तीनशे किलोमीटरच्या वर जातं, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच निघा, नाहीतर शनिवारची सकाळ प्रवासातच जाईल.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मे मध्ये दुपारी दगडी मंडपात उभं राहणंही जड जातं. सप्टेंबरनंतर गेलात तर बालाघाटची सीताफळं नक्की घ्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मागा.

जाताना एवढं सांभाळा

लेण्यांत आणि जुन्या देवळांत खांबांवर नावं कोरू नका, शिलालेखांवर खडू, तेल किंवा शेंदूर लावू नका. राम आणि लक्ष्मीची गोष्ट आपल्याला कळली ती दगडावरची अक्षरं टिकली म्हणून. फोटो जरूर टाका, पण सोबत जागेचं नाव आणि दोन ओळींची माहितीही लिहा. म्हणजे पुढचा माणूस योगेश्वरीच्या दर्शनाला आला की तासाभरात परत फिरणार नाही.