कझानवरून जुन्नरला

नकाशात व्होल्गाकाठचे कझान दाखवले की आमच्या जऊळक्याची मुले विचारतात, "सर, रशियात मशिदी?" आहेत ना! 1552 मध्ये झार इव्हानने तातारांकडून कझान जिंकले, तेव्हा उद्ध्वस्त झालेली कुल शरीफ मशीद 2005 मध्ये नव्याने उभी राहिली.

त्या लढाईच्या ऐंशीएक वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी कझानवरून सुखरूप गेला. पुढे आस्त्राखानच्या तातारांनी मात्र त्याला लुटले. 1469 च्या सुमारास तो घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला. तिथे बहामनी सरदार असदखानाने घोडाच अडकवून ठेवला. इस्लाम कबूल कर, घोडा आणि हजार सोन्याची नाणी घे. मुदत चार दिवस! दीनाचा असा सौदा वाचताना मला शरम वाटते. पण रदबदली केली तीही खुरासानच्या महंमद नावाच्या मुसलमानानेच. घोडा मिळाला, धर्मही राहिला.

निकितिन शेवटपर्यंत ख्रिस्तीच होता. तरी त्याच्या प्रवासवर्णनात 'अल्लाह', 'परवरदिगार' हे शब्द रशियन लिपीत येतात. अखेरची दुआ तर अरबी वळणाचीच आहे. हे सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होतो. 1472 च्या सुमारास, घर गाठण्याआधीच, तो वाटेत वारला.

चौलशेजारच्या रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. मुलांना तिथे न्यायचे आहे, एस.टी.च्या भाड्याचा हिशेब अजून जुळत नाही.