उतार : कॉर्टिसोनच्या इतिहासातलं एक पान

श्रावणात कोयनाकाठच्या झाडोऱ्यात पेव फुलतं. तांबड्या कणसातून चुरगळल्या कागदासारखं एकेक पांढरं फूल बाहेर येतं आणि पानं दांड्याभोवती जिन्यासारखी वळत वर जातात. त्याच्या कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्यापासून स्टेरॉइड औषधं तयार करता येतात. हे मला कळलं तेव्हा मी स्वतः पाचव्या वर्षी प्रेडनिसोलोन घेत होते, आणि ते सोडवण्याची खटपट चालू होती.

मी वैद्यक शिकलेली नाही. पाटण परिसरातले जुने मोडी कागद वाचणं हाच माझा उद्योग. त्या कागदांनी एक खोड लावली : तक्रार कुणाची आहे आणि ती लिहिली कुणी, हे आधी पाहायचं. रयतेचं गाऱ्हाणं कारकुनाच्या लेखणीतून उतरताना त्यातलं बरंच सांडतं. आजारपणात हाती आलेले वैद्यकीय निबंध मी याच खोडीने वाचत गेले.

कॉर्टिसोनची कथा बहुतेकदा विजयकथा म्हणून सांगितली जाते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. कावीळ झालेल्या किंवा गरोदर राहिलेल्या रुग्णांचा संधिवात काही काळ हटतो, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथींतली, म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतली, द्रव्यं वेगळी करत होते. 21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या एका रुग्णस्त्रीला त्यांतल्या ‘ई’ नावाच्या द्रव्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. कूस बदलायला तळमळणारी ही बाई आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. कागदोपत्री ती ‘श्रीमती जी.’ एवढीच आहे. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधले राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

औषध तेव्हा बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्या चढून करत आणि ग्रॅमला 200 डॉलर पडत. ते स्वस्त झालं ते मेक्सिकोतल्या रानकंदामुळे. रसेल मार्कर या हट्टी रसायनज्ञाने कंदातल्या डायोस्जेनिनपासून दुसरं एक संप्रेरक करून दाखवलं होतं. 1952 मध्ये अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी त्यातली सर्वांत अवघड पायरी चक्क एका बुरशीकडून करून घेतली. ही बुरशी ऱ्हायझोपस कुळातली. 2021 मध्ये महाराष्ट्रात ज्या ‘काळ्या बुरशी’ने कोविडमधून उठलेल्या माणसांचे डोळे नि जबडे घेतले, तिच्यातही हेच कूळ प्रमुख होतं, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात स्टेरॉइड गेलेलं होतं. इतिहास असल्या गाठी मारून ठेवतो. त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण मला तो योगायोग विसरता येत नाही.

विजयकथा इथे संपवली जाते. माझा विषय इथून सुरू होतो.

औषध बंद केलं की संधिवात परततो, हे हेंच यांच्या चमूला पहिल्यापासून दिसलं होतं. पण बाहेरून येणाऱ्या औषधाने आतली ग्रंथी झोपी जाते, याची पुरती जाणीव व्हायला एक मरण घडावं लागलं. कित्येक महिने कॉर्टिसोन घेतलेल्या एका संधिवाताच्या रुग्णाचं औषध खुब्याच्या शस्त्रक्रियेआधी थांबवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1952 मध्ये छापलं. नळाचं पाणी आल्यावर आमच्याकडच्या विहिरींचं जे झालं, तेच इथे : उपसा थांबला, गाळ साठला, झरे बुजले.

पण मरण ठळक असतं, त्याची नोंद होते. जगणाऱ्यांच्या विचित्र तक्रारींचं काय? 1953 मध्ये हेंच यांच्याच चमूतल्या स्लोकम्ब यांनी औषध कमी करताना होणाऱ्या त्रासावर लिहिलं. हा त्रास म्हणजे मूळ संधिवात नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1957 मध्ये या दुखण्याला ‘स्टेरॉइडमुळे होणारा खोटा संधिवात’ अशा अर्थाचं नाव मिळालं. ‘खोटा’ हा शब्द मला टोचतो. दुखणं खोटं नव्हतं, त्याचं निदान खोटं ठरत होतं.

मग 1965 साल. त्या वर्षीचे दोन निबंध मी इतक्यांदा वाचले की कागद मऊ पडले. पहिला ग्रेबर आणि सहकाऱ्यांचा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या, तसंच अधिवृक्काची गाठ काढलेल्या रुग्णांना त्यांनी महिनोन्‌महिने तपासलं. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी आधी जागी होते आणि हाका मारू लागते. अधिवृक्क मात्र पुढे कित्येक महिने ओ देत नाही. दोन्हींचं गणित जुळायला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. दुसरा निबंध अमेट्रुडा आणि सहकाऱ्यांचा, माझ्या मते अधिक धाडसी. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गळाठा, सांधेदुखी, कातडी सोलवटणं, वजन घटणं अशा तक्रारी करणाऱ्या काही रुग्णांच्या ग्रंथी चाचणीत व्यवस्थित निघाल्या. म्हणजे रिपोर्ट चांगला, तरी माणूस आजारी. अशा वेळी डॉक्टरला दोन वाटा असतात. रुग्णाला वेडगळ ठरवायचं, किंवा आपली चाचणी सगळं सांगत नाही हे कबूल करायचं. या मंडळींनी दुसरी धरली.

माझ्या वाट्याला पहिली आली. गोळी 10 मिलिग्रॅमवरून साडेसातवर आणली आणि तिसऱ्या आठवड्यात तळहाताची सालं निघू लागली. शरीर स्वतः रोज जे संप्रेरक बनवतं ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचं असतं. त्या आकड्याच्या जवळ येताना घाट अवघड होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. फोडणीच्या वासाने उमासे येत. पोटऱ्या ठणकत, आणि सांधे मात्र शांत. तिन्हीसांजेला कारण नसताना रडू यायचं. सासूबाई म्हणाल्या, “बाहेरचं काहीतरी आहे.” डॉक्टर म्हणाले, “आजार उसळलाय,” आणि गोळी वाढवली. दोन दिवसांत मी टुणटुणीत, म्हणजे निदान बरोबर! असं तीनदा झालं. गोळी वाढवल्यावर बरं वाटतं ते तिन्ही कारणांनी : आजार उसळला असला, ग्रंथी झोपलेली असली, किंवा शरीर नुसतं चढ्या मात्रेला सरावलेलं असलं तरी. या तिन्हींत फरक करायला हवा, हे युरोप-अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांनी 2024 मध्ये काढलेल्या संयुक्त मार्गदर्शिकेतही सांगितलं आहे.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी महिन्याला 1 मिलिग्रॅमचा उतार ठरवून दिला आणि वहीत शब्द लिहायला सांगितले. आपल्या बोलीत यासाठी किती शब्द आहेत! कणकण, कसकस, अंग मोडून येणं, हातपाय गळणं, जीव घाबरा होणं, तोंडाची चव जाणं. कसकस संध्याकाळची, गळाठा सकाळचा. डॉक्टरांना त्यावरून वेळ कळे. माझे स्वतःचे जुने केसपेपर काढून पाहिले, तर या सगळ्यांच्या जागी एकच शब्द होता : वीकनेस. कारकून बदलला, सांडणं तेच.

गेल्या भाद्रपदात वाडीवरच्या एक मावशी आल्या. चेहरा सुजलेला, दंडावर निळे डाग, उठताना भिंतीचा आधार. गुडघ्यासाठी कुणीतरी गोळ्यांची पुडी देत असे. ती त्यांनी उघडून दाखवली : पांढऱ्या, बारीक गोळ्या, नाव नाही, पट्टी नाही.

“किती दिवस घेताय?”

“दोन पावसाळं झालं की.”

“आणि आता?”

“गेल्या बाजारापासनं बंद हाय. पैकं न्हवतं. आता नुसतं गरगरतंय, अन्न बघवत न्हाई. म्हातारपण म्हनायचं.”

त्याच दुपारी त्यांना गाडीत घालून कराडला नेलं. तिथल्या मुलीने केसपेपर ओढला आणि विचारलं, “काय होतंय, आजी?” मावशी म्हणाल्या, “अशक्तपना.” ती ते लिहू लागली, तेव्हा मी पुडी उघडून तिच्या टेबलावर ठेवली.