मैना कुणाची?

रात्रपाळीत साचा बंद पडला की आमच्या खात्यातला एक म्हातारा अजून ‘माझी मैना’ म्हणतो. १ ऑगस्टला सारसबागेजवळच्या पुतळ्यापाशी तीच लाऊडस्पीकरवर लागते. पोरं नाचतात. शब्द कितीजण ऐकतात?

अण्णा भाऊ साठ्यांची ही छक्कड, म्हंजे तमाशातल्या लावणीचीच जात. अण्णा भाऊ १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगाच्या घरी जन्मले. बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले. त्याच तालुक्यातला रेठरे हरणाक्षचा पठ्ठे बापूराव. कुळकर्णीपण सोडून तमाशात आला म्हणून त्याचं कोण कौतुक! पवळाचं नाव तरी टिकलं. पण ज्या महार-मांगांच्या ढोलकी-तुणतुण्यावर तमाशा उभा राहिला, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

१९४४ साली अमर शेख, गवाणकर आणि अण्णा भाऊंनी लाल बावटा कलापथक काढलं. सरकारनं तमाशावर बंदी घातली, तर यांनी त्याचं लोकनाट्य करून टाकलं. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. त्या लढ्यात १०६ माणसं गेली. मैना गाजली ती याच सभांतून. आधी ती पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची बायको. पुढं तीच बेळगाव, कारवार, डांगचा तुटलेला मुलूख होते, आणि ओढूनताणून वाटत नाही.

१ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. म्हणून गाणं जिवंत राहिलं म्हणतात. मला अर्धंच पटतं. आयर्लंडात १८४५ च्या दुष्काळानंतर लाखो माणसं बोटीनं देशोधडीला लागली. त्यांचीही ताटातुटीची गाणी आजवर गातात. मूळ पोटात आहे, नकाशात न्हाई.

पण आपल्याला एक सवाल चुकत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे वाभाडे काढले. मग गावाकडं बघून झुरणारं गाणं आपण का म्हणावं? मी हे मंडळात विचारलं, तर भांडण झालं. मित्रांनो, पुन्हा ऐका. तो झुरतो बायकोसाठी; पाटलाच्या वाड्यासाठी नव्हे. ती वेशीच्या कुठल्या बाजूला राहिली, ते ऐकणाऱ्याला आपसूक कळतं.

माझा बाप पुण्याला आला तेव्हा आई तीन वर्षं मागं होती, दुसऱ्याच्या शेतात खुरपत. तिच्या बाजूची छक्कड मी लिहायला घेतलीय. दोन कडवी झालीत. तिसऱ्यात ती त्याला पगार विचारते.