पदवी घेऊन गावाकडे : मुळशी ते जामखेड

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील कडेला चांदे हे गाव आहे. नांदे आणि चांदे ही शेजारची दोन नावे लोक एका दमात घेतात. जवळच हिंजवडी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले आणि या साऱ्या पट्ट्याचे रूप पालटले. जेथे भाताची खाचरे होती तेथे इमारती आल्या. गावाने शहर शोधले नाही. शहरच चालत गावाच्या वेशीपाशी येऊन थांबले.

शिकलेल्या तरुणांनी मोठे शहर सोडून लहान गावी जावे की नाही, हा प्रश्न आज आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत निघतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन घरची माणसे बोलत उभी राहिली की तो ऐकू येतो. मुलगी परिचारिकेची पदवी घेते, तिला तालुक्याच्या गावी काम मिळते आणि आई म्हणते, “याचसाठी का आम्ही गाव सोडले?” या प्रश्नातील कळ आम्ही जाणतो. आमच्यापैकी कितीतरी कुटुंबे नगर जिल्ह्यातील खेड्यांतून पुण्यास, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला आली. काही आधी आली, काही १९७२ च्या दुष्काळाने आणली. ज्यांनी डोक्यावर बोचके घेऊन एस.टी. पकडली, त्यांच्या नातवंडांना ‘परत जा’ असे सांगणे सोपे नाही. म्हणून उपदेश बाजूस ठेवून इतिहासाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. पदवी घेऊन गावाकडे गेलेल्यांचे पुढे काय झाले?

पहिले उदाहरण चांदे ज्या तालुक्यात आहे त्याच मुळशीचे. तालुक्याच्या पश्चिमेस मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याचे काम पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीने हाती घेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते पश्चिमेस कोकणात उतरवून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी योजना होती. त्यासाठी मावळ्यांची गावे आणि भाताची जमीन पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा.

या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्यास शहरातून जी शिकलेली माणसे गेली, त्यांत पांडुरंग महादेव बापट हे प्रमुख होते. १८८० साली पारनेर येथे जन्मलेले बापट पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदवीधर. शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली एडिंबरो येथे यंत्रशास्त्र शिकण्यास गेले होते. सरकारविरोधी भाषणामुळे ती शिष्यवृत्ती गेली. अशा विद्वानाला मुंबई-पुण्यात मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. ते मुळशीच्या डोंगरांत गेले, वारंवार तुरुंगात गेले आणि तेथेच ‘सेनापती’ झाले. त्यांच्यासमवेत विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते.

त्यागात काही उणे नव्हते. तरीही लढा हरला, आणि या हरण्याची कारणे आमच्या प्रश्नाशी निगडित आहेत. मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नावे झालेली होती. सावकारांना नुकसानभरपाईचे पैसे पुरेसे होते. मावळ्याला जमीनच हवी होती. म्हणजे ज्या शहरातून साहाय्य आले, त्याच शहरातून तडजोडीचा दाबही आला. पुण्यातील पुढाऱ्यांचे आपसांतील राजकीय मतभेद खेड्यातल्या लढ्यावर येऊन आदळले. पुढारी तुरुंगात गेले की मागे काम पुढे नेणारी फळी गावात उरत नसे. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी काही साथीदारांसह शस्त्रे घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ च्या सुमारास भिऱ्याच्या वीजघरातून वीज वाहू लागली. मुंबई उजळली, ज्यांच्या भाताच्या बांधांवरून ते पाणी गेले, ती घरे विखुरली.

मुळशीने शिकवलेला धडा आम्ही असा वाचतो : शहरातून येणाऱ्याचे मन कितीही मोठे असले, तरी त्याच्या जाण्याबरोबर जे काम संपते ते गावाचे होत नाही.

दुसरे उदाहरण अर्ध्या शतकानंतरचे, आणि ख्रिस्ती घराचे. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातील राहुरीचे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात ते व डॉ. मेबल दोघेही शिकले आणि पुढे विवाहबद्ध झाले. काही वर्षे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केल्यावर त्यांच्या ध्यानी आले, की ज्या आजारांवर आपण रुग्णालयात उपचार करतो, ते बहुतेक गावात टाळता येण्याजोगे आहेत. तेच मूल बरे होऊन घरी जाते आणि तेच दूषित पाणी पिऊन परत येते. पुढील शिक्षणासाठी दोघे अमेरिकेस गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. त्या काळी जामखेड हे दुष्काळी पट्ट्यातील कोपऱ्यातले गाव. गावाने जनावरांच्या जुन्या दवाखान्याची इमारत दिली. तेथून प्रारंभ झाला.

पहिली योजना मात्र फसली. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत नेमाव्यात, असे त्यांनी ठरवले होते. परक्या गावी एकटीने राहणे त्या मुलींना जड गेले आणि गावकऱ्यांनीही त्यांना आपले मानले नाही. शिकलेल्या माणसाला नुसता हुकूम देऊन खेड्यात बसवता येत नाही, हे तेथे सिद्ध झाले. मग वाट बदलली. प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक स्त्री निवडावी, असे ठरले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातील होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात नेत. अतिसार झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी, लस केव्हा टोचावी, हे सारे त्या सांगू लागल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच हातून सवर्ण घरांतील बाळंतपणे होऊ लागली. पिण्याच्या पाण्याच्या हापशा दलित वस्तीत बसवल्या गेल्या, तेव्हा साऱ्या गावाची पावले आपोआप तिकडे वळली.

आरंभी या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम थांबले नाही. आईवडील खेड्यात राहिले म्हणून मुलांचे नुकसान झाले का, असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे डॉक्टर होऊन त्याच कामात आल्या. १९८० च्या दशकात डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीत जाऊन नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या शुश्रूषेचे जे काम केले, तेही गावातील स्त्रियांच्याच हातांनी. २००५ नंतर देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या. त्या कल्पनेच्या मुळाशी अशाच गावांचा अनुभव आहे.

मुळशी आणि जामखेड यांची तुलना करताना सेनापतींचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. त्यांच्यासमोर सरकार आणि भांडवल एकवटून उभे होते. जामखेडला तसा शत्रू नव्हता. तरीही जामखेड टिकले त्याची तीन कारणे आम्हांस दिसतात. एक, दोघांचेही मन त्या कामात होते. एकाने दुसऱ्याला फरफटत नेले नाही. दुसरे, गावाने जागा दिली, म्हणजे बोलावणे होते. तिसरे आणि महत्त्वाचे, आपल्याजवळचे ज्ञान त्यांनी जवळ ठेवले नाही. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याच हाती दिले.

तेव्हा त्या आईला आम्ही काय सांगावे? तिने गाव सोडले ते भुकेपायी, अपमानापायी, पाण्याच्या एका घागरीपायी. तिचे सोडणे योग्यच होते. परंतु तिची मुलगी त्याच गावी त्याच रीतीने परत जाणार नाही. ती हातात पदवी, पगार आणि नको वाटले तर परतण्याची मोकळीक घेऊन जाईल. भुकेने जाणे आणि ज्ञान घेऊन जाणे या एकच गोष्टी नव्हेत. सर्वांनीच जावे असा नियम करण्याचे कारण नाही. नवऱ्याच्या किंवा सासरच्या हट्टापायी, अथवा शहरात जागा मिळाली नाही म्हणून नाइलाजाने जाणाऱ्याला तर आम्ही थांबच म्हणू. मात्र ज्या मुलीचे मन तिकडे ओढ घेते, तिला केवळ आपल्या जुन्या जखमेपायी अडवू नये. तिला एवढेच विचारावे : तुला कोणी बोलावले आहे का? आणि तू निघून आलीस तर मागे तुझे काम कोण करील?

चांद्याला शहराने विचारले नाही, ते आले. मुळशीच्या मावळ्यांनाही कोणी विचारले नव्हते. जामखेडला विचारून जाणारी दोन माणसे भेटली. आपल्या घरातून जो कोणी निघेल, त्याने तरी विचारून जावे.